सोवळ्याने पटकी कधीच थांबली नाही

२०२० साली करोनाची टाळेबंदी लागली आणि एक जुनाच युक्तिवाद नव्या वेष्टनात मोबाईलवर फिरू लागला. आपल्या पूर्वजांना म्हणे रोगजंतूंचे ज्ञान होते. सोवळे-ओवळे, शिवाशिव, परक्याच्या हातचे पाणी न पिणे हे सगळे म्हणजे त्या काळचे आरोग्यशास्त्रच. अस्पृश्यता हा द्वेष नव्हता, ती खबरदारी होती, असेही काहींनी लिहिले. साथ ओसरली, पण हा युक्तिवाद काही गेला नाही. शिकलीसवरलेली माणसे आजही तो गंभीर चेहऱ्याने मांडतात आणि आपली काही पोरे त्यावर गप्प बसतात, कारण उत्तर देण्यासाठी हाताशी इतिहास नसतो.

आम्ही हा दावा एका रोगाच्या कसोटीवर घासून पाहणार आहोत. तो रोग म्हणजे कॉलरा. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी त्याला पटकी, महामारी, जरीमरी अशी नावे होती. हाच रोग निवडण्याचे कारण साधे आहे. तो पाण्यातून पसरतो, आणि जातिव्यवस्थेने सर्वात कडक पहारा ठेवला तो पाण्यावरच. सोवळ्यात आरोग्यशास्त्र असते, तर त्याचा गुण इथेच दिसायला हवा होता.

आधी रोग समजून घेऊ. कॉलऱ्याचे जंतू रोग्याच्या जुलाबातून आणि उलटीतून बाहेर पडतात. ते पिण्याच्या पाण्यात किंवा अन्नात गेले की दुसऱ्याच्या पोटात जातात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. अंगातले पाणी आणि क्षार इतक्या वेगाने निघून जातात की उपचार मिळाला नाही, तर धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. म्हणजे हा रोग रोखायचा तर मुख्य गोष्ट एकच: माणसाची विष्ठा आणि माणसाचे पिण्याचे पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही. पाणी कोणत्या जातीच्या माणसाने शेंदले, याच्याशी जंतूंना काही देणेघेणे नाही.

इथे दोन शब्द वेगळे करणे भाग आहे. एक शुद्ध, दुसरा स्वच्छ. धर्मशास्त्राने 'शुद्ध' सांभाळले. आरोग्यशास्त्र 'स्वच्छ' सांभाळते. शुद्ध पाणी घाण असू शकते आणि स्वच्छ पाणी 'बाटलेले' असू शकते. आपल्या देशाने शतकानुशतके पहिल्याची राखण केली आणि दुसऱ्याकडे पाहिलेच नाही. पुढचा सगळा इतिहास या एका गफलतीचा आहे.

१८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागातून कॉलऱ्याची मोठी साथ उठली. त्याच वर्षी पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत ती शिरली आणि बुंदेलखंडात सैनिक व नोकरचाकर पटापट मेले. १८१८ मध्ये ती मुंबईला पोचली. तिथून पुढे फौजा, व्यापारी, यात्रेकरू आणि जहाजे यांच्याबरोबर तिने अर्धे जग गाठले. तिला कोणाच्या सोवळ्याने अडवले नाही. पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव होता, विटाळाचे सगळे नियम जागच्या जागी होते, तरी ब्राह्मण आळीतही प्रेते उठली आणि महारवाड्यातही.

रोगाचे गुपित फोडले ते लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने. हा एका कोळशाच्या वखारीतल्या मजुराचा मुलगा. रोग घाणेरड्या हवेतून होतो, असे त्या काळी भलेभले मानत. स्नो म्हणाला, पाण्यातून होतो. १८५४ साली सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती शेकडो माणसे मेली, तेव्हा तो घरोघर फिरून विचारत गेला: पाणी कुठले पिता? शेजारच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये पाचशेहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत होती, तिथे मोजके पाच मृत्यू झाले. कारण त्यांची स्वतःची विहीर होती. उलट लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक सुखवस्तू विधवा मेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते पाणी मुद्दाम मागवत असे. स्नोच्या आग्रहाने पंपाचा दांडा काढला गेला. पुढे कळले की विहिरीलगतच्या एका गळक्या मैलखड्ड्यात आजारी बाळाचे दुपट्याचे पाणी टाकले जात होते.

स्नोची दुसरी तपासणी त्याहून बोलकी आहे. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी थेम्स नदीच्या घाण टप्प्यातून पाणी उचलत होती. दुसरीने १८५२ मध्ये आपली जागा बदलून वरच्या, स्वच्छ टप्प्यातून पाणी घ्यायला सुरुवात केली होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या फक्त ३७. गल्ली तीच, हवा तीच, माणसेही तशीच. फरक फक्त पाण्याचा.

तीस वर्षांनी हीच गोष्ट आपल्या देशात एका तळ्यावर सिद्ध झाली. १८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यात होता. त्याला कॉलऱ्याचे जंतू सापडले ते एका वस्तीतल्या तळ्यात. त्या तळ्याभोवती राहणारी माणसे त्याच पाण्यात अंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पहिल्या रोग्याचे कपडेही तिथेच धुतले गेले होते. हे उदाहरण वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे आपल्याला दुसऱ्या एका तळ्यावर जायचे आहे.

ज्ञान आले, पण ते कोणाच्या कामी आले? इंग्रज सरकारने १८५९ मध्ये आयोग नेमला तो गोऱ्या सैन्याच्या आरोग्यासाठी. १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला आणि आधी सुधारल्या त्या छावण्या. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळाले, पण खेडी होती तिथेच राहिली. हिंदुस्थान सरकारचा सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम तर वर्षानुवर्षे सांगत राहिला की कॉलरा पाण्यातून किंवा माणसाकडून माणसाकडे जातच नाही. तसे मान्य केले असते तर जहाजे अडवावी लागली असती, व्यापार थांबला असता आणि पाण्यावर खर्च करावा लागला असता. दुष्काळ आणि पटकी एकत्र आले त्या १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानात कॉलऱ्याने सुमारे आठ लाख माणसे गेली.

इंग्रजांनी खर्च केला नाही, हे खरे. पण गावातला पाणवठा इंग्रजांनी वाटला नव्हता. तो आधीच वाटलेला होता. गावाची विहीर, तळे, नदीचा वरचा घाट सवर्णांचा. महार-मांग-चांभारांनी वेगळी विहीर असेल तर तिथे जावे, नसेल तर ओढ्यात झरा उकरावा, किंवा कोणी वरून ओतेल म्हणून ओंजळ धरून उभे राहावे. नदीवर आपला घाट खालच्या अंगाला. म्हणजे वर अंघोळ, वर धुणे, वर गुरे, आणि तेच वाहत आलेले पाणी आपल्या माठात. स्नोच्या लंडनमध्ये घाण टप्प्याचे पाणी देणारी कंपनी होती. आपल्याकडे ते काम जातीने केले, तेही कायमचे.

कामे कोणती होती तेही पाहा. मेलेली गुरे ओढणे, गावाची घाण काढणे, प्रेतासाठी लाकडे वाहणे, आणि मयताचा सांगावा घेऊन पायी गावोगाव जाणे. पटकीच्या दिवसांत रोज कुठल्या ना कुठल्या गावाला सांगावा. हा सांगावा घेऊन जाणारा महार वाटेत पाणी कुठले पीत असेल? जो माणूस घाणीच्या सर्वात जवळ जात होता, त्यालाच हात-तोंड धुवायला पाणी नव्हते. आणि त्याच माणसाला 'अस्वच्छ' म्हणायचे!

गावाचा इलाज काय, तर मरीआई. तिचे ठाणे बहुतेक गावात वेशीबाहेर, आपल्याच वस्तीच्या आसपास. साथ आली की पोतराज कोरडा मारून घेणार, बळी दिला जाणार, मरीआईचा गाडा सजवून गावाच्या शिवेपलीकडे ढकलला जाणार. तिथून तो पुढच्या गावाची बला. रोग हटवण्याऐवजी दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचा, हीच त्यामागची समजूत. अंगावर कोरडे ओढणारा पोतराज आपला आणि गावाची विहीर मात्र त्यांची. आम्ही ही परंपरा 'लोकसंस्कृती' म्हणून मिरवायला तयार नाही.

याच काळातली एक घटना बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साल १९०१. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला खजिनदार होते. तिथे सरकारने दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदायला काढला होता आणि भुकेने हजारो माणसे मरत होती. भीमराव आणि घरची मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर ती महार आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली. रात्री डबा उघडला, पण पाणी नव्हते. जवळच्या डबक्यात पाहिले तर चिखल, गुरांचे मूत आणि शेण. वास इतका की तोंडाजवळ नेववेना. मुले अर्धपोटी, तहानलेली राहिली.

जिथे बाप सरकारी तलावाच्या कामाचा पैसा सांभाळतो, तिथे त्याच्या मुलांना घोटभर पिण्यालायक पाणी मिळत नाही. त्या रात्री त्या मुलांनी ते पाणी प्यायले असते तर? पटकीच्या काळात हे काही कल्पनारंजन नाही. असे पाणी प्यावे लागलेली आणि त्यातच गेलेली आपली किती मुले असतील, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

हे वाटप मोडण्याची पहिली कृती महात्मा फुल्यांची. त्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला आणि तो संमत झाला. या ठरावाची आठवण आपण फक्त पाणवठ्यांपुरती ठेवतो. तो नीट वाचा. सार्वजनिक विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर त्यात शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. पाणी आणि दवाखाना एकाच ओळीत. साथ थांबवायला याच दोन गोष्टी लागतात, आणि नेमक्या याच दोन्हींची दारे आपल्याला बंद होती.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. महाडला बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी येणाऱ्या अस्पृश्यांना पाण्यासाठी एकच विहीर होती. ती त्यांच्या वस्तीत, गावाच्या मध्यापासून लांब, आणि नगरपालिकेने दुर्लक्ष केल्यामुळे गाळाने भरलेली. हे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. भर गावात मोठे तळे, तिथे मुसलमान-ख्रिस्ती पाणी भरणार, गुरे पाणी पिणार, आणि आपल्या माणसाने गाळातल्या विहिरीवर जायचे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सभेहून परतणाऱ्या आपल्या लोकांना मारहाण झाली आणि तळे 'बाटले' म्हणून त्याचे शुद्धीकरण झाले. कसे? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले. त्यात दही, दूध, शेण आणि गोमूत्र मिसळले. मंत्र म्हणत त्या घागरी तळ्यात बुडवल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले.

आता जॉन स्नोला आठवा आणि कलकत्त्याच्या त्या तळ्यालाही. पाण्यातली घाण माणसे मारते, हे सिद्ध होऊन ७३ वर्षे झाली होती. तळ्यातले जंतू सापडून ४३ वर्षे झाली होती. आणि महाडमध्ये सुशिक्षित वकील-सावकारांच्या डोळ्यांदेखत माणसाचा स्पर्श धुऊन काढण्यासाठी पिण्याच्या पाण्यात शेण कालवले गेले. अस्पृश्यता हे आरोग्यशास्त्र होते म्हणणाऱ्यांनी या एका घटनेचे उत्तर द्यावे. आम्ही दुसरा पुरावा मागणार नाही.

इथे एक सावधगिरी मात्र आपणही बाळगायला हवी. महाडचा लढा निव्वळ पिण्याच्या पाण्यासाठी नव्हता. तळ्याचे पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, आम्हीही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी तिथे जायचे आहे, असा बाबासाहेबांच्या म्हणण्याचा आशय होता. तेव्हा महाडला 'स्वच्छ पाण्याची मोहीम' करून टाकणे हा त्या लढ्याचा अपमान ठरेल. आमचे म्हणणे वेगळे आहे. कॉलऱ्याचा इतिहास हेच सांगतो की ज्या समाजात सगळ्यांचे पाणी एक नाही, तिथे सार्वजनिक आरोग्य नावाची गोष्ट उभीच राहू शकत नाही. समता हे त्या लढ्याचे ध्येय होते. आरोग्य त्या समतेच्या मागोमाग येते, तिच्या आधी येत नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूने निकाल दिला, तेव्हा एका तळ्यापुरते तरी हे कायद्याने मान्य झाले.

पाण्यासारखीच गत दवाखान्याची. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरमध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत घेतले आहे. शिक्षकाची बायको बाळंत झाली, मग तिला जुलाब लागले, छाती भरली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. वजनदार माणसांची रदबदली झाल्यावर आला, तो वस्तीबाहेर थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने बायकोला लावला. परत येतानाही तोच फेरा. रोग्याला हात न लावता डॉक्टरने औषध ठरवले आणि फी घेतली. ती बाई वाचली नाही. विज्ञान शिकलेला माणूस थर्मामीटर वापरत होता, पण त्याचा मेंदू सोवळ्यातच होता.

याच्या अगदी उलट्या टोकाला गाडगेबाबा. हातात खराटा घेऊन गावात शिरायचे, आधी रस्ते-गटारे झाडायची आणि मग रात्री कीर्तनात लोकांची कानउघाडणी करायची. ज्या पंढरपुरात यात्रेच्या गर्दीबरोबर पटकीही यायची आणि अस्पृश्यांना साधा निवाराही मिळत नव्हता, तिथे त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. स्वच्छतेला जात नसते आणि सफाई हे एका जातीचे काम नसते, हे त्यांनी कृतीतून सांगितले.

पटकीचा मृत्यू टाळणारा मोठा शोधही असाच साधा आणि सगळ्यांचा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाईन संपत आली. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले आणि पाजत राहायला सांगितले. तोवर छावणीत शंभरातले तीसच्या आसपास रोगी मरत होते. हे पाणी सुरू झाल्यावर मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. मंत्र नाही, मध्यस्थ नाही, कोणाची परवानगी नाही. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ही माहिती प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक आईला पाठ असली पाहिजे. जुलाब थांबत नसतील तर हे पाजत पाजतच रोग्याला दवाखान्यात न्यावे.

हा सगळा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या आदिवासी गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन कॉलरा झाला आणि माणसे दगावली. वीजबिल थकल्याने नळाचे पाणी बंद होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. २०१६ मध्ये वाशीम जिल्ह्यात एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी नाकारले गेले आणि त्या माणसाने रोजंदारी सांभाळून चाळीस दिवसांत एकट्याने विहीर खोदली. वर्तमानपत्रांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. त्याला ती जिद्द का दाखवावी लागली, हा प्रश्न कौतुकात वाहून गेला.

आणि शहरांत? गटार तुंबले की घाण पाणी नळात शिरते. ते होऊ नये म्हणून मॅनहोलमध्ये उतरतो तो आजही आपलाच माणूस. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, पण उतरणे थांबले नाही. शहराला पटकीपासून वाचवण्याची किंमत एकाच समाजाने जिवाने मोजायची, ही व्यवस्था सोवळ्याचीच पुढची आवृत्ती आहे.

संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातल्या किती संविधानांना विहिरीचे नाव घ्यावे लागले असेल? आपल्याला घ्यावे लागले, कारण आपल्याकडे तहानेलाही जात होती. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि कलम ४७ ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. ही तीन कलमे एकत्र वाचायची असतात.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. २० मार्चला महाडला अभिवादन करायला जरूर जा. पण परत आल्यावर आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन चार प्रश्न विचारा. आपल्या वस्तीच्या पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला? गावाला लाल कार्ड आहे की हिरवे? टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, आणि ओटी चाचणी वस्तीच्या शेवटच्या नळावर होते की फक्त टाकीजवळच्या नळावर? आपल्या वस्तीची पाइपलाइन गटारातून गेली आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. पावसाळ्याआधी मागा. जूनमध्ये पाणी गढूळ झाल्यावर विचारलेला प्रश्न दवाखान्याच्या दारात जाऊन पोचतो.

आणि सोवळे म्हणजे आरोग्यशास्त्र असे पुन्हा कोणी म्हणाले, तर त्याला त्या १०८ घागरींबद्दल विचारा.

जय भीम!